टोपी उडालेला अँगस्ट्रॉम

बर्ट अँगस्ट्रॉमची ओळख व्हायच्या आधी मी त्याच्या आडनावाला घाबरले.

वेलिंग्टनच्या या टेकडीवरच्या घरात आम्ही सामान उतरवत होतो. पेट्या आत नेता नेता मी शेजारच्या पत्रपेटीवरचं नाव वाचलं. पांढऱ्या रंगाने, हाताने लिहिलेलं: बी. अँगस्ट्रॉम. इंग्रजी ए अक्षराच्या डोक्यावर बारीकसा गोल. बारावीत या गोलाने माझा फार छळ केला होता. प्रकाशाच्या तरंगलांबीची सगळी गणितं त्या गोलाशी येऊन संपायची आणि माझं उत्तर दहाच्या कुठल्यातरी घाताने चुकलेलं असायचं.

"मिलिंद," मी नवऱ्याला हाक मारली, "शेजारी अँगस्ट्रॉम राहतात!"

"कोण?"

"अरे, अँगस्ट्रॉम! एका मीटरचे हजार कोटी भाग करायचे, त्यातला एक."

मिलिंदने शेजारच्या घराकडे पाहिलं. "मग त्या मानाने घर बरंच मोठं आहे की," तो म्हणाला आणि फ्रिज उचलायला गेला.

संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात सहा फुटांहून उंच, खांद्यांनी चौकट भरून टाकणारा एक म्हातारा उभा. अंगात लोकरीचा स्वेटर, खाली अर्धी चड्डी, पायात जँडल्स. म्हणजे आपल्या रबरी चपला. हातात फिजोआंनी भरलेली बादली. ही हिरवी फळं इथे प्रत्येकाच्या अंगणात मोप पिकतात आणि प्रत्येक जण ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायच्या मागे असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला तो थोर पाहुणचार वाटला.

"किआ ओरा! मी बर्ट. बादली तेवढी परत लागेल."

मी भारावून विचारलं, "तुम्ही त्या स्वीडिश शास्त्रज्ञांच्या घराण्यातले का?"

हा प्रश्न त्याला जन्मभर लोक विचारत आले असणार, कारण उत्तर तयार होतं. "नातं आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण इतकं बारीक, की मोजता येत नाही."

"आणि तुम्ही काय करता?"

"कार्पेट. आयुष्यभर लोकांच्या घरात कार्पेट बसवलं. आता गुडघे संपले म्हणून थांबलो."

वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं 'बर्ट' म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी 'बर्टकाका' सुरू केलं. हे ऐकून तो इतका हसला की बादली खाली ठेवावी लागली. स्वीडिशमध्ये काका म्हणजे बिस्किट. आजीच्या मांडीवर बसून शिकलेला तेवढाच एक स्वीडिश शब्द त्याच्याजवळ उरला होता. वर आमच्या टेकडीवर काका नावाचे मोठे रानटी पोपटही राहतात. ते माणसांच्या घरांच्या लाकडी कडा कुरतडतात. "म्हणजे मी स्वीडनमध्ये बिस्किट, माओरीत पोपट आणि तुझ्याकडे चुलता," बर्ट म्हणाला. "स्वीट ॲज, एकदम झकास! यातलं काहीही हाक मारलीस तरी येईन."

पत्रपेटी सोडली तर तो गोल आणखी कुठेच नव्हता. विजेच्या बिलावर नाही, बँकेच्या कार्डावर नाही, लायसन्सवर नाही. त्याचं कारण विचारलं तर बर्ट सांगायचा, "ती त्या ए ची टोपी. आजोबा बोटीतून उतरले तेव्हा डोक्यावर होती. वेलिंग्टनच्या वाऱ्यात कुणाची टोपी टिकलीय?"

ज्याच्या आडनावाने जगातली सगळ्यात नाजूक मोजमापं चालतात, त्या माणसाला मोजायचा मनापासून कंटाळा होता. त्याच्याजवळ एक पोलादी टेप होती. तिचा सुरुवातीचा तुकडा कधीतरी तुटून गेलेला. त्यामुळे प्रत्येक माप थोडं जास्त भरायचं. हे बर्टला चांगलं माहीत होतं. फक्त तो फरक वजा करायचा की मिळवायचा, याबद्दल त्याचं मत दिवसागणिक बदलायचं. म्हणून तो बहुतेक वेळा टेप खिशातच ठेवून पावलांनी खोली मोजायचा आणि वर म्हणायचा, "जवळपास आलं म्हणजे पोचलंच."

कमी पडू नये म्हणून कार्पेट नेहमी जास्तीचं कापायचं, आणि उरलेले तुकडे घरी यायचे. असं आयुष्यभर चाललेलं. त्यामुळे त्याच्या घरात एका खोलीचा रंग दुसरीशी जुळत नव्हता. घर दाखवताना तो खोल्यांची नावं घ्यायचा नाही. "ही बँक. हे सिनेमागृह. इथे जपून, हा दंतवैद्य." आम्ही चहा दंतवैद्यात बसून घ्यायचो. स्वयंपाकघरात एका दारूच्या गुत्त्याचं कार्पेट होतं आणि पावसाळी हवेत त्याला अजून बिअरचा वास यायचा. पत्रपेटीच्या आत, ढकलगाडीत, कुंड्यांच्या खालीसुद्धा कार्पेट. कोंबड्यांच्या खुराड्यात तर दुहेरी थर होता, कुठल्याशा मंत्रालयातला, उंची निळा. "मंत्रालयात जाऊन अंडी घेऊन ये," तो माझ्या लेकीला, ईराला सांगायचा. "आणि दार लावून घे, नाहीतर सगळ्या जेवायच्या सुट्टीवर जातील."

आमच्या घरातलं बोळातलं कार्पेट फाटलं तेव्हा बर्टने विचारायच्या आधीच काम अंगावर घेतलं. गुडघे संपलेले असल्याने तो स्वतः खुर्चीवर बसला आणि मिलिंदला जमिनीवर बसवलं. "डावीकडे ओढ. अजून. आता गुडघ्याने ढकल. मेट, तो गुडघा आहे की पापड?" दुपारपर्यंत कार्पेट बसलं आणि दारापाशी टीचभर कमी पडलं. त्या दिवशी त्याने टेपचा तुटका तुकडा दोनदा वजा केला होता. बर्ट जराही डगमगला नाही. घरी गेला आणि बोलिंग क्लबमधली एक हिरवीगार पट्टी घेऊन आला. तांबूस बोळाच्या तोंडाशी ती हिरवी पट्टी बसली. "आता पाहुण्यांना दार कुठे आहे ते कळेल," तो म्हणाला.

मी मनातून चरफडत होते. पुढच्या महिन्यात सासूबाई पुण्याहून आल्या. त्या दारात थबकल्या, पट्टीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "इतक्या लांब येऊन तुम्ही उंबरठा केलात गं!" म्हणाल्या आणि पट्टीवर हळदकुंकू वाहिलं. बर्ट कुंपणापलीकडून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला हळूच विचारलं, "ती लाल-पिवळी पूड बसलेलं काम पक्कं करण्यासाठी असते का? आम्ही गोंद वापरतो."

आमच्या भागातल्या शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरायचं आणि परीक्षक असायचा बर्ट. कुणीतरी फार वर्षांपूर्वी पालकांच्या यादीत आडनाव वाचून त्याला बोलावलं होतं आणि पुढे ती प्रथाच पडली. त्याने कधी नाही म्हटलं नाही, कारण तिथे सॉसेज मिळायचं. ईराने त्या वर्षी यीस्टवर फार नेटका प्रयोग केला होता. तक्ते, आलेख, सगळं. तिला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं मिळालं टिली नावाच्या मुलीच्या ज्वालामुखीला, जो फुटलाच नव्हता.

ईरा घरी येऊन फणफणली, "आई, इट डिडन्ट ईव्हन वर्क!"

मी बर्टला जाब विचारायला गेले. तो मंत्रालयातलं खत काढत होता. "बाकी सगळ्यांना सगळं माहीत होतं," तो फावडं टेकवून म्हणाला. "मी काही विचारायच्या आत उत्तरं देत होते. ती टिली एकटीच मला विचारत होती, 'का नाही फुटला?' मला कुठे माहीत? आम्ही दोघं टेबलाखाली वाकून बघत बसलो. मला वाटतं तेच विज्ञान असावं. शिवाय ती रडायच्या बेतात होती."

मग त्याने ईरासाठी सहा अंडी दिली. ईराने ती घेतली, पण त्याला आठवडाभर 'मिस्टर अँगस्ट्रॉम' म्हणत राहिली.

खरा घोळ झाला तो परचुरे सरांमुळे. सर पुण्यात एका कॉलेजात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि बायको गेल्यावर मुलाकडे वेलिंग्टनला राहायला आले. दिवसभर घरात एकटे. मुलगा-सून ऑफिसला, नातू शाळेत. नातू घरी आला की सर त्याला काही समजावायला जायचे आणि तो कानात इयरफोन घालून म्हणायचा, "ऑल गुड, आजोबा." बोलायला खडूइतकी कोरडी माणसं मी पाहिलीत, पण सर तसे नव्हते. त्यांना फक्त कुणी फळा देत नव्हतं.

इथल्या मराठी मंडळाने फेब्रुवारीत विज्ञान दिन करायचा ठरवला आणि तो सरांच्या हवाली केला. कुणीतरी त्यांना सांगितलं की स्वातीच्या, म्हणजे माझ्या, शेजारी अँगस्ट्रॉम राहतात. त्याच दिवशी सरांचा फोन आला.

"स्वाती, हे खरं आहे? प्रत्यक्ष त्या घराण्यातले?"

"सर, ते कार्पेट बसवतात."

"असं ते म्हणतात?"

"म्हणत नाहीत सर, बसवतात. आमच्याकडेही बसवलंय."

मग सर गहिवरून म्हणाले, "बघ. मोठी माणसं अशीच असतात. आपले लोक एक पेपर छापून आला की हवेत जातात." आणि त्यांनी बर्टला प्रमुख पाहुणा करून टाकलं.

मी बर्टला सगळं खरं सांगितलं. तिथले लोक तुम्हाला शास्त्रज्ञाचा वंशज समजताहेत, तुमचा सत्कार होणार आहे, भाषण करावं लागेल.

"जेवण आहे?" त्याने विचारलं.

"आहे. मसालेभात, जिलबी."

"मग त्या बिचाऱ्यांना निराश कशाला करायचं?"

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या दारात रांगोळी होती. मधोमध भला मोठा ए आणि त्याच्या डोक्यावर झेंडूची टोपी. वारा सुटलेलाच होता, त्यामुळे दोन बायका टोपीभोवती साडीचे पदर धरून उभ्या होत्या. बर्ट आला तो लग्नातला सूट घालून. लग्न त्याचंच होतं आणि बर्ट तेव्हापेक्षा रुंद झाला होता. पायात मात्र जँडल्स, कारण बुटांचं माप त्याने अंदाजाने घेतलं होतं. रांगोळीपाशी तो थांबला, बराच वेळ खाली बघत राहिला. "माझ्या ए ला कुणी फुलं घातली नव्हती कधी," तो म्हणाला आणि रांगोळीला जपून वळसा घालून आत गेला. मला पहिल्यांदाच धास्ती वाटली. हा माणूस आता खोटं बोलायचा नाही.

सरांनी ओळख करून दिली. न्यूटनपासून सुरुवात केली. स्वीडनपर्यंत येईतो मागच्या ओळीतली मुलं खुर्च्यांखाली गेली होती. मग शाल, मग श्रीफळ. बर्टने नारळ कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजलं तसा खूश झाला आणि काखोटीला मारून माईकपाशी गेला.

"किआ ओरा. नमस्कार. हे सगळं फार छान आहे, आणि मी त्या शास्त्रज्ञाचा कुणीही लागत नाही."

हॉलमध्ये कुणी जिलबीचं भांडं उघडत होतं, ते तसंच थांबलं.

"आजोबांचं नाव होतं अँडरसन," बर्ट सांगू लागला. "बोटीवर खलाशी होते. त्या बोटीवर अर्धे लोक अँडरसनच. कप्तानाने 'अँडरसन!' अशी हाक मारली की अर्धी बोट धावून यायची आणि एका बाजूला कलायची. शेवटी कप्तान म्हणाला, तुमच्यातल्या काहींनी नावं बदला, नाहीतर आपण बुडणार. बोटीच्या इंजिनिअरकडे एक जाडजूड पुस्तक होतं. त्यावर हे नाव होतं. आजोबांना वाचता फारसं येत नव्हतं, पण त्या अक्षराच्या डोक्यावरची टोपी आवडली. म्हणून त्यांनी ते घेतलं. बस. मी कार्पेटवाला आहे. एक चुलता म्हणायचा नावाचा अर्थ वाफेचा ओघ, दुसरा म्हणायचा कुठल्यातरी नदीवरून पडलंय. दोघंही गप्पिष्ट होते. तुम्हाला शाल परत हवी असेल तर देतो. नारळ मात्र ठेवायची इच्छा आहे."

कुणी हसलं नाही. सगळे सरांकडे बघत होते. सर व्यासपीठावर पांढरे पडून बसले होते. हातात पुढच्या भाषणाची टिपणं. मंडळाचे अध्यक्ष अर्धवट उठले, परत बसले. मला वाटलं, आता सर उठून चालू लागतील आणि यापुढे घराबाहेरच पडणार नाहीत.

तेवढ्यात पुढच्या ओळीतून ईराने हात वर केला. इतका वेळ ती तोंड फुगवून बसली होती. "बर्ट, बट हाऊ स्मॉल इज इट? ॲन अँगस्ट्रॉम?"

"कुणास ठाऊक," बर्ट म्हणाला. आणि सरांकडे वळून, अगदी साधेपणाने, "तुम्हाला माहीत आहे ना, प्रोफेसर? केवढा असतो मी?"

सर उठले. टिपणं खुर्चीवर ठेवली.

"हात पसरा," ते म्हणाले.

बर्टने नारळ अध्यक्षांकडे दिला आणि हात पसरले. व्यासपीठ भरून गेलं.

"हे जवळजवळ दोन मीटर. जवळ आणा. अजून जवळ."

बर्टने हात कलिंगडाएवढे केले.

"कमी करा."

संत्र्याएवढे.

"कमी!"

"लाडूएवढे?"

"लाडू फार मोठा! एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग करायचेत आपल्याला. कमी करा!"

मुलं खुर्च्यांखालून बाहेर आली होती. "कमी! कमी!" एकेक जण ओरडायला लागला. बर्ट कपाळाला आठ्या घालून, घाम गाळत, हात जवळ आणत होता. शेवटी तळवा तळव्याला टेकला.

"अजून कमी!" सर गरजले.

बर्टने तळवे दाबले. दाबता दाबता त्याचा चेहरा लाल झाला. "मेट," तो कळवळून म्हणाला, "आता माझे हात संपले!"

तो तसाच, शाल पांघरून, हात जोडून, सगळ्या सभेला नमस्कार करत उभा. हॉल हसून हसून कोसळला. सर हसत नव्हते. त्यांना वेळच नव्हता. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावरची पदार्थांची पाटी काढून उलटी केली, कुणाकडून मार्कर मागितला आणि अणू काढायला सुरुवात केली. मराठीत सुरू करत, इंग्रजीत जात, परत येत. त्यांच्या नातवाने कानातले इयरफोन कधी काढले ते कुणाला कळलं नाही. त्याने प्रश्न विचारला, सरांनी त्याला वर बोलावून एक इलेक्ट्रॉन केलं आणि बर्टभोवती फिरायला लावलं. मसालेभात गार झाला.

त्यानंतर सर दर गुरुवारी बसने बर्टकडे येऊ लागले. दोघं दंतवैद्यात बसायचे. सर त्याला विज्ञान शिकवायचे आणि बर्ट त्यांना कोंबड्या धरायला. दोघांनाही फारसं काही आलं नाही. मंडळाच्या हॉलच्या व्यासपीठाला कार्पेट बसवायचं ठरलं तेव्हा सरांनी नवी टेप विकत आणून मिलिमीटरपर्यंत मापं घेतली. बर्टने ती ऐकून घेतली आणि डोळ्याच्या अंदाजाने कापलं. कार्पेट बरोब्बर बसलं. ते कुणामुळे, यावरून त्यांचं आठवडाभर बोलणं बंद होतं, असं सर म्हणायचे. बर्ट म्हणायचा, जवळपास आठवडाभर.

मग एका पावसात बर्ट पायऱ्यांवरून घसरला. मोडलं काही नाही, पण दक्षिण बेटावरची त्याची मुलगी येऊन ठामपणे म्हणाली, "आता पुरे, डॅड. माझ्याकडे चल." टेकडीवरच्या घरात राहायचं तर पाय हवेत. बर्टने वाद घातला नाही. कोंबड्या आमच्याकडे आल्या, मंत्रालयासकट.

जाताना निरोप द्यायला येऊ नका, असं त्याने बजावलं होतं. बंदरावर उभं राहून लोक रडतात, मग त्याला भूक लागते, म्हणाला. म्हणून आम्ही बंदरावर गेलो नाही. सर, ईरा आणि मी, खाडीच्या कडेच्या रस्त्यावर, जिथून दक्षिण बेटाची बोट त्यातल्या त्यात जवळून जाते तिथे जाऊन थांबलो. सरांनी माकडटोपी घातली होती आणि हातात त्यांच्या सुनेची लाल ओढणी होती. वाऱ्यात ती सरळ आडवी उभी राहिली.

बोट आली. वरच्या डेकवर, कठड्याला टेकून, एक उंच माणूस एकटाच उभा होता.

"बर्टकाका!" मी ओरडले. सरांनी ओढणी फडकवली. त्या माणसाने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायला सुरुवात केली. ईरा दगडावर चढली. आम्ही तिघं उड्या मारत होतो. तोही उड्या मारत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते वाऱ्यामुळे आहे असं मी कुणी न विचारता सांगत होते.

फोन वाजला. बर्ट होता. मागे कपबश्यांचा आवाज.

"स्वाटी, पाय-पेस्ट्रीची रांग फार मोठी आहे इथे. पण मिळाली. चीज आणि मटणाची. तुम्ही घरीच आहात ना?"

मी डेककडे पाहिलं. तो माणूस अजून हात हलवत होता.

"तुम्ही वर नाही आहात?"

"नाही, खाली कँटीनमध्ये. का?"

मी सरांना सांगितलं. सरांनी ओढणी खाली घेतली नाही. "असू दे," ते म्हणाले. "इतक्या मनापासून हात करतोय बिचारा. आता थांबवणं बरं दिसत नाही."

"थांबा, वर येतो!" फोनमध्ये बर्ट ओरडला आणि फोन बंद झाला.

बोट तोपर्यंत खाडीच्या तोंडाशी पोचली होती. कठड्यापाशी दुसरी एक आकृती येऊन उभी राहिली. तिने एका हातात काहीतरी धरलेलं होतं, आणि ते तिने त्या अनोळखी माणसापुढे केलं. त्याने एक घास घेतला असावा. मग दोघंही हात हलवू लागले. उंची सारखीच, कोट सारखेच. ईरा म्हणाली डावीकडचा बर्ट, सर म्हणाले उजवीकडचा. बोट वळेपर्यंत ते ठरलं नाही, म्हणून आम्ही दोघांनाही हात करत राहिलो.